टनाला महागाई लागत नाही!

नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ सालापासून नोटा छापल्या जातात. तिथली शंभराची नोट कपाटात जपून ठेवली, तर पन्नास वर्षांनीही तिच्यावर शंभरच लिहिलेलं असेल. पण तिच्यात येणारा गहू? तो वर्षागणिक कमी होत जातो!

आता खूप मोठ्या रकमेची गोष्ट ऐका. ४ मे १९६०. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. देशात धान्य कमी पडत होतं. केंद्रात अन्नमंत्री होते आपले स. का. पाटील. त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासोबत करार केला : चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. किंमत सुमारे १२८ कोटी डॉलर. ती भारताने रुपयांत द्यायची आणि त्यातला बराचसा पैसा पुन्हा भारतातच कर्ज-अनुदान म्हणून वापरायचा. म्हणून ही मदत.

"फक्त १२८ कोटी?" असं वाटलं ना? थांबा! अमेरिकेत दर महिन्याला खाणंपिणं, कपडे, घरभाडं, औषधं यांच्या भावांचा हिशेब होतो. त्याला म्हणतात ग्राहक किंमत निर्देशांक. (आपल्याकडे औद्योगिक कामगारांसाठी असा निर्देशांक काढताना नाशिकच्या बाजारातलेही भाव टिपतात बरं का!) १९८२ ते ८४ मधले भाव १०० धरले, तर १९६० चा अमेरिकी निर्देशांक सुमारे ३० येतो आणि २०२३ चा सुमारे ३०५. करा भागाकार. दहापट! म्हणजे तेव्हाचे १२८ कोटी डॉलर हे २०२३ चे जवळजवळ १,३०० कोटी डॉलर.

आणि गहू? १ कोटी ६० लाख टन तेव्हाही तेवढाच, आजही तेवढाच. टनाला महागाई लागत नाही, पैशाला लागते. म्हणून साल न सांगता मदतीचा आकडा लिहिणं मला अर्धवटच वाटतं.

पॅरिसची ओईसीडी ही संस्था देशोदेशींच्या मदतीचे आकडे दोन प्रकारे देते : त्या त्या वर्षीच्या भावाने, आणि सगळी वर्षं एकाच वर्षाच्या भावावर आणून. तुलना करायची ती दुसऱ्या आकड्यांची. कारण रक्कम वाढली, पण भाव त्याहून भराभर वाढले, तर मदत खरं म्हणजे घटलेली असते!

आता तुमची पाळी. १९७४ चा अमेरिकी निर्देशांक होता सुमारे ४९. त्या वर्षीचे १०० डॉलर म्हणजे २०२३ चे किती? वहीत मांडून बघा.