खारपाणपट्ट्यातलं घर आणि भट्टीची मळी

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या खालाजानच्या घराला पंधरा वर्षंही झाली नव्हती, तोच भिंतींना लोणा लागला. खालचं प्लास्टर गळू लागलं, कॉलममधल्या सळया गंजून फुगल्या. मिस्त्रीने वाळूला दोष दिला. दोष खरं तर जमिनीखालच्या पाण्यात होता. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथलं विहिरीचं जे पाणी तोंडात घेववत नाही, तेच घराच्या पायातून वर चढतं.

आता खालाजानचा मुलगा शेजारीच नवं घर बांधतो आहे, म्हणून सिमेंटची चौकशी केली. तेव्हा लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची गोष्ट कळली.

भट्टीत खनिजाबरोबर चुनखडी टाकतात. खनिजातली दगडमाती चुन्यात मिसळून वितळते आणि लोखंडावर तरंगते. हीच धातुमळी, कारखान्यातला ‘स्लॅग’. एक टन लोखंडामागे ती साधारण तीन-चारशे किलो निघते. सावकाश थंड झाली तर तिचा दगड होतो. जोराचं पाणी मारून झटक्यात थंड केली तर काचेसारखी रेती होते, आणि ती बारीक दळली की सिमेंटसारखी घट्ट धरते. हा गुण जर्मनीत एमिल लांगेन यांनी 1862 मध्येच ओळखला होता. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात डोलवीला पोलाद कारखान्याशेजारीच असं सिमेंट तयार होतं.

पोतं घेताना त्यावर ‘आयएस 455’ छापलेलं पाहावं. या सिमेंटमध्ये 25 ते 70 टक्के मळी असते. तिच्यामुळे काँक्रीटमधली बारीक छिद्रं बुजतात आणि खार सळईपर्यंत पोचायला फार वेळ लागतो. आमच्या भागाला याहून जास्त काय हवं?

पण मिस्त्री लोक याला नाक मुरडतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. हे सिमेंट सुरुवातीला हळू ताकद धरतं. सेंटरिंग काढायची घाई चालत नाही आणि तराई किमान दहा दिवस लागते. त्यात विहिरीचं खारं पाणी कालवलं तर सगळंच वाया. सळईच्या काँक्रीटला लागणाऱ्या पाण्यात लिटरमागे क्लोराइड 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा मानकाचा नियम आहे.

म्हणून खालाजानच्या मुलाने पाया खोदण्याआधी पावसाच्या पाण्याची टाकी खोदली. बांधकाम आता पावसाळ्यानंतरच सुरू होईल. खालाजान रोज टाकीत डोकावून पाहते.