सुषिर वाद्ये, श्वास आणि बैठक

लग्नसराईत गांधीबागेतून वरात निघाली म्हणजे बँडवाल्यांच्या फुगलेल्या गालांकडे मुले मोठ्या कौतुकाने पाहतात. त्यांतीलच एखाद्याने घरी बासरीचा किंवा क्लॅरिनेटचा हट्ट धरला, की आईबापांस शंका येते : फुंकून फुंकून पोराची छाती दुबळी तर होणार नाही ना? उलट कित्येकांस वाटते की, अशा वादनाने फुप्फुसे मोठी होतात. या दोन्ही समजुती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

छाती व पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा असतो. तो खाली सरकला व बरगड्या फाकल्या, म्हणजे हवा आत येते. एरवी उच्छ्वास आपोआप होतो. वादकास मात्र तो पोटाच्या व बरगड्यांच्या स्नायूंनी आवरून, मोजून सोडावा लागतो. अभ्यासाने वाढतो तो हा ताबा. फुप्फुसांचे आकारमान वाढतेच, असे संशोधनाने ठरलेले नाही.

प्रत्येक वाद्याची रीत निराळी. बासरीत पुष्कळ हवा वाया जाते. नवशिका भराभर फुंकतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यास घेरी येते. अशा वेळी क्षणभर थांबावे. सनईच्या अरुंद पत्तीतून हवा थोडीच जाते. म्हणून छातीत उरलेली हवा आधी सोडून मगच नवा श्वास घ्यावा लागतो.

आता बैठकीविषयी. पोक काढून बसल्यास पोट दाबले जाते व श्वासपटलास वाव उरत नाही. आडवी बासरी मान व खांदा एका बाजूस ओढते. क्लॅरिनेटचा भार उजव्या अंगठ्यावर पडतो. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी शास्त्रीय संगीतात रूढ केलेल्या लांब बासरीच्या छिद्रांवर लहान मुलांची बोटे पोहोचत नाहीत. त्यासाठी अंग वेडेवाकडे करण्यापेक्षा आखूड बासरीनेच आरंभ करावा. वाद्य तोंडाशी आणावे. तोंड वाद्याकडे नेऊ नये.

दम्याचा विकार असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वादनानंतर वाद्य पुसून कोरडे करावे. ओलाव्याने आत बुरशी धरते व ती श्वासाबरोबर छातीत जाते. दुसऱ्याचे वाद्य स्वच्छ केल्यावाचून तोंडास लावू नये.

पालकहो, मुलाच्या हाती वाद्य देण्यास भिऊ नका. पण देऊन मोकळेही होऊ नका. सूर डळमळू लागला, तर रागावण्यापूर्वी त्याची पाठ ताठ आहे की नाही, एवढे अवश्य पाहा.