एका फितीचे ओझे

आत्मचरित्रे वाचण्याची मला जुनी हौस आहे. आपली गरिबी, मानहानी, प्रसंगी व्यसनेसुद्धा लेखक मोकळेपणाने सांगतो. पण आपल्यापायी दुसऱ्याचे काय झाले, हे सांगायची वेळ आली की लेखणी अडखळते. रूसोचे 'कन्फेशन्स' मी पुन्हा पुन्हा उघडतो ते यासाठीच.

साल १७२८. सोळा वर्षांचा रूसो तूरिन शहरी एका खानदानी विधवेकडे चाकरीला होता. बाई वारल्या. चीजवस्तूंची मोजदाद होताना एक जुनी गुलाबी-रुपेरी फीत सापडेना. ती निघाली रूसोपाशी. ती आपल्याला मारिओंने दिली, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. मारिओं ही घरची तरुण स्वयंपाकीण. ती रडली, पण त्याला तिने शिवीगाळ केली नाही. दोघांनाही काढून टाकण्यात आले. फितीचे मोल ते काय! पण चोरीचा डाग लागलेल्या पोरीला पुढे कोण थारा देणार? हा प्रश्न रूसोला चाळीस वर्षे छळीत राहिला. हे ओझे उतरावे, हाही आत्मचरित्र लिहिण्यामागचा एक मोठा हेतू होता, असे तो स्वतःच सांगतो.

मात्र कबुली देता देता तो वकिलीही करतो. फीत मारिओंलाच द्यायची होती म्हणून तिचे नाव तोंडी आले, असे त्याचे म्हणणे. 'एमिल' लिहून १७६२ मध्ये बालसंगोपनाचे धडे देणाऱ्या या गृहस्थाने आपली पाचही मुले अनाथालयात टाकली होती. १७६४ मध्ये व्होल्तेरने निनावी पत्रकातून ते उघड केले. त्याचीही सबब रूसोपाशी तयार होती.

तरीही म्हातारपणी त्याने एक धैर्य दाखविले. १७७८ मध्ये तो निवर्तला. त्याआधीच्या अखेरच्या लेखनात तो असत्याचा विचार करू लागला आणि पुन्हा त्या फितीपाशी आला. आठवण अपुरी पडली तेथे आपण आत्मचरित्रात कल्पनेचे रंग भरले, हेही तेथे त्याने मान्य केले.

मारिओंने मात्र काही लिहून ठेवले नाही. तिची बाजू आपल्याला कळते ती तिच्यावर आळ घेणाऱ्याच्याच लेखणीतून. आपल्या जुन्या घराण्यांतून वडीलधारी मंडळी आठवणी लिहितात. दरबार, मानपान, वाडे यांची वर्णने त्यांत असतात. त्याच वाड्याच्या मागील दारी राबणाऱ्या माणसांविषयी जे बोलणे राहून गेले, त्यालाही त्या वहीत दोन पाने असावीत. त्यांच्या वतीने लिहिणारे दुसरे कोणी नाही.