पिकअपचा दिवा लागला, आता काय? नव्या डिझेल इंजिनाचं दुखणं समजून घेऊ

मालेगावातून कापडाचे गठ्ठे पिकअपमधून निघतात. मिरकरवाड्याची मासळी पहाटे रत्नागिरीबाहेर पडते तीही पिकअपमधूनच. बागवान मंडळींची केळी-पपई, मंडपवाल्यांचे खांब आणि कनाती, बकऱ्यांचा बाजार, सगळीकडे हीच गाडी. नात्यात एक तरी पिकअपवाला किंवा गॅरेजात काम करणारा मुलगा आपल्यापैकी बहुतेकांना सापडेल. गाडी सहसा हफ्त्यावर असते. ती आठ दिवस गॅरेजात उभी राहिली की भाडं बंद होतं, हफ्ता मात्र चालूच राहतो. म्हणून इंजिनाची ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना समजेल अशी सांगावी, असं आम्हांला वाटलं.

गॅरेजात हल्ली एक तक्रार सारखी ऐकू येते: "जुनी गाडी काहीही प्यायची आणि चालायची. ही नवी गाडी नाजूक आहे." तक्रारीत तथ्य आहे. कारण मात्र समजून घ्यायला हवं.

जुन्या डिझेल इंजिनात पंप पूर्णपणे यांत्रिक होता. तो प्रत्येक नोजलला आळीपाळीने डिझेल ढकलायचा आणि साधारण २०० बारच्या आसपास दाब आला की नोजल उघडायचं. नव्या गाड्यांत कॉमन रेल असते. म्हणजे एक जाड नळी, तिच्यात पंप डिझेल दाबून भरून ठेवतो आणि तिथून चारही इंजेक्टरना ते मिळतं. कोणता इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. या रेलमधला दाब १६०० बार किंवा त्याहून जास्त जातो. पिकअपच्या टायरमध्ये हवा असते तीन-चार बार. त्याच्या चारशे पट दाब बोटाएवढ्या नळीत कोंडलेला आहे, असं डोळ्यांसमोर आणा.

एवढा दाब धरून ठेवायचा तर आतले भाग एकमेकांत अगदी घट्ट बसलेले असावे लागतात. इंजेक्टरच्या आतली फट काही मोजक्या मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. त्यामुळे जो कचरा जुन्या नोजलमधून सहज निघून जायचा, तोच इथे घासपेपरसारखं काम करतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं, तेव्हापासून येणाऱ्या जवळजवळ सगळ्या डिझेल पिकअप अशाच आहेत.

पाणी हा पहिला दुश्मन

डिझेलच्या पंपाला आणि इंजेक्टरला वेगळं ऑइल कोणी घालत नाही. त्यांना वंगण डिझेलचंच मिळतं. पाण्याला वंगण नसतं. पाण्याचा थेंब त्या घट्ट फटीत शिरला की धातूवर धातू घासतो, वर गंजही चढतो. बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत १० भागांवर आणलं आहे, बीएस-४ मध्ये ते ५० होतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा मूळचा चिकटपणा कमी होतो, म्हणून रिफायनरीत वंगणासाठी वेगळा घटक मिसळावा लागतो. त्यात कोणी रॉकेल किंवा हायवेच्या कडेला 'बायोडिझेल' म्हणून विकलं जाणारं स्वस्त तेल मिसळलं, तर पंपाचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

आता पाणी येतं कुठून? पावसाळ्यात ढाकणाचं रबर फाटलेलं असतं. गावी ड्रममध्ये साठवलेलं डिझेल मगने टाकीत ओततात. टाकी रात्रभर पाव भरलेली ठेवली तर वरच्या रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं, कोकणात तर हे हमखास. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. त्यामुळेच काटा अगदी तळाला टेकेपर्यंत गाडी चालवण्याची सवय दोन बाजूंनी मारते. तळाचा गाळ ओढला जातो, आणि डिझेल संपलं तर सिस्टिममध्ये हवा शिरते. कामावरून आल्यावर निदान अर्धी टाकी भरून ठेवणं परवडतं.

डिझेल फिल्टरच्या खाली एक छोटी चकती किंवा नॉब असतो. फिल्टरमध्ये जमलेलं पाणी तिथून काढायचं. बऱ्याच गाड्यांत पाणी जमलं की डॅशबोर्डवर वेगळा दिवा लागतो. त्या दिव्यावर काळी टेप चिकटवलेल्या पिकअपही आम्ही पाहिल्या आहेत! दिवा दिसेनासा झाला, पाणी तिथेच राहिलं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढून बघावं. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. हे काम आठवीतला मुलगाही शिकू शकेल. इंजिन मात्र बंद आणि थंड हवं.

फिल्टर बदलताना एक जुनी सवय अजून चालू आहे. नवा फिल्टर डब्यातल्या डिझेलने भरून बसवतात, म्हणजे गाडी लवकर सुरू होते. पण वरून ओतलेलं डिझेल बऱ्याचदा फिल्टरच्या स्वच्छ बाजूला पडतं, म्हणजे न गाळलेलं डिझेल थेट पंपात. फिल्टर कोरा बसवावा आणि हॅण्ड प्रायमर दाबून हवा काढावी. पाच-दहा मिनिटं जास्त लागतील. फिल्टरचा खर्च एका भाड्यात निघतो. इंजेक्टरचा सेट बदलायचा झाला तर दोन-तीन महिन्यांची कमाई जाऊ शकते.

पंपावर शंका आली तर गुपचूप बसू नये. डिझेलची घनता तपासून मागण्याचा आणि ५ लिटरच्या मापाने माप करून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. घनतेची नोंद पंपावर रोज ठेवली जाते. आपल्यासमोर काढलेला आकडा त्या नोंदीशी जुळतो का ते बघावं. आणि बिल घ्यावं, नंतर तक्रार करायची झाली तर त्याच्याशिवाय काही चालत नाही.

ढिला नट आणि पोरांचे हात

हा भाग गॅरेजात मुलगा असलेल्या प्रत्येक घराने वाचावा.

जुन्या इंजिनात मिसिंग शोधायची एक पद्धत होती. गाडी चालू ठेवायची आणि एकेका नोजलच्या पाइपचा नट पान्याने ढिला करायचा. ज्याचा नट ढिला केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. आपल्या उस्तादांनी याच पद्धतीने हजारो गाड्या बऱ्या केल्या. त्यांच्या कानाला आणि हाताला आमचा सलाम आहे. पण कॉमन रेलवर ही पद्धत कधीच वापरायची नाही. १६०० बारवर निसटलेली डिझेलची धार डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक असते, आणि ती चामडी फोडून आत शिरते. हातमोजाही तिला अडवत नाही. गळती कुठे आहे ते बोट फिरवून बघणं तितकंच घातक. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरावा.

या जखमेचा धोका असा की ती जखम वाटतच नाही. टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही. मुलगा हात पुसून कामाला लागतो. काही तासांत बोट सुजतं, आतलं मांस मरायला लागतं, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापायची वेळ येते. म्हणून ठिपका कितीही लहान असो, हळद-पट्टी करून थांबू नये. लगेच ऑपरेशनची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावं: "जास्त दाबाचं डिझेल आत गेलं आहे." नुसतं "लागलं" म्हटलं तर मलमपट्टी करून परत पाठवण्याची भीती असते.

मग मिसिंग शोधायचं कसं? स्कॅनर लावला की कोणत्या सिलिंडरला कॉम्प्युटर जास्त डिझेल देतोय, हे आकड्यांत दिसतं. त्याच्या जोडीला रिटर्न टेस्ट आहे, ती आम्हांला फार आवडते, कारण ती प्रयोगशाळेतल्या प्रयोगासारखी आहे. प्रत्येक इंजेक्टरमधून थोडं डिझेल टाकीकडे परत जातं. गाडी बंद असताना त्या कमी दाबाच्या रिटर्न नळ्या काढून जागी चार सारख्या बाटल्या जोडायच्या, मग गाडी ठरावीक वेळ चालवायची. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथी अर्धी भरली, तर तो चौथा इंजेक्टर आतून झिजला आहे. सकाळी एका झटक्यात सुरू होणारी गाडी दुपारी गरम झाल्यावर नुसतीच सेल मारत बसते, त्यामागे अनेकदा हेच असतं. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरमधून जास्त परत जातं, आणि सुरू होण्यापुरता दाब रेलमध्ये साठत नाही. अशा वेळी बॅटरी, स्टार्टर, पंप एकामागून एक बदलले जातात आणि बिल वाढत जातं. म्हणून मालकाने एक प्रश्न नक्की विचारावा: "टेस्ट काय केली, ती दाखवा." चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही.

पंप खरोखरच गेला असेल, तर जुना फिल्टर कापून बघायला सांगावं. आत चमकणारा धातूचा चुरा दिसला, तर नुसता पंप बदलून भागत नाही. तो चुरा रेल, पाइप, इंजेक्टर, रिटर्नमार्गे टाकीपर्यंत पोहोचलेला असू शकतो. सगळं साफ न करता बसवलेला नवा पंप थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेने जातो.

धूर दिसत नाही, म्हणून सगळं ठीक?

आधी धुरावरून दुखणं ओळखता यायचं. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, तेव्हा आधी एअर फिल्टर बघा. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा आणि कच्च्या डिझेलचा वास म्हणजे डिझेल नीट पेट घेत नाही. पांढऱ्या धुरासोबत रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे लक्ष द्या. बीएस-६ पिकअपमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती काळा धूर गिळून टाकते. त्यामुळे इंजेक्टर बिघडला तरी मागे फारसं काही दिसत नाही, काजळी आत साठत जाते. धुराचं काम आता दिव्याने घेतलं आहे.

साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते. साधारण ६०० अंश तापमान करून जाळीतली काजळी राख करते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं एका चालीने गाडी चालावी लागते. जी पिकअप दिवसभर बाजारात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारते, तिला ही संधी मिळत नाही. डीपीएफचा दिवा लागला की हायवेवर एक सलग फेरी मारून यावी. पहिल्या दिवशी एवढ्याने भागतं. महिनाभर दुर्लक्ष केलं तर गाडी स्वतःची ताकद कमी करते आणि चढावर बसते. हे जाळणं चालू असताना कडब्यावर किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करू नये, खालून आग लागू शकते.

जाळणं मधेच तुटत राहिलं तर आणखी एक गोष्ट होते. काही गाड्यांत त्यासाठी दिलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढली तर लेव्हल वाढलेली दिसते. "ऑइल कमी होत नाही, मस्त गाडी आहे," असं म्हणून लोक खूश होतात. प्रत्यक्षात ऑइल पातळ झालेलं असतं आणि बेअरिंग धोक्यात असतात. लेव्हल वर गेली तर ऑइल बदलावं, आणि कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घालावं. जुन्या गाडीचं ऑइल जास्त राख सोडतं आणि जाळी कायमची बुजवतं.

"जाळी काढून टाकतो, कॉम्प्युटरमध्ये मॅपिंग मारतो, टेन्शन खतम" असं सांगणारे जागोजागी भेटतात. ते करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, वॉरंटी जाते, आणि मूळ बिघाड तसाच राहतो. ज्या गाड्यांना निळ्या झाकणाची वेगळी टाकी आहे, त्यांत फक्त तयार डीईएफ घालावं. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून घातला तर त्याचे खडे होतात आणि महागडी नळी बंद पडते. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं, किंवा डिझेलऐवजी पेट्रोल भरलं गेलं, तर चावी फिरवूच नये. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी. चावी फिरवली नाही तर टाकी साफ करण्यावर निभावतं.

राहिला प्रश्न शिकण्याचा. दहावीनंतर गॅरेजची ओढ असलेल्या मुलांसाठी आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे. मुलगा सकाळी आयटीआयला आणि संध्याकाळी उस्तादाकडे गेला, तर स्कॅनरवरचे आकडे आणि कानाने ओळखलेला ठोका, दोन्ही त्याच्याकडे येतील. स्कॅनरवर सगळं इंग्रजीत येतं. तेवढं वाचता येण्यासाठी तरी दहावीचं इंग्रजी आणि विज्ञान मनावर घ्या, असं आम्ही वर्गात या मुलांना सांगतो, आणि ते ऐकतातही.

जुनी पिकअप विकत घेणार असाल तर सौदा सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. ऑइलची पट्टी काढून लेव्हल बघा. चावी फिरवल्यावर सगळे दिवे क्षणभर लागतात का ते पाहा, कारण न लागणारा दिवा मुद्दाम काढलेला असू शकतो. तासभर चालवून गरम गाडी बंद करा आणि लगेच पुन्हा सुरू करून बघा. स्कॅनरचा रिपोर्ट स्वतःच्या मिस्त्रीकडून काढून घ्या, आणि बयाणा त्यानंतरच द्या.