जाम झालेल्या डिझेल एंजिनाचे पुनरुज्जीवन

एंजिन ‘जाम झाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की, त्याचे फिरणारे भाग आता फिरेनासे झाले आहेत. ते कायमचे निकामी झाले, असा अर्थ त्यातून निघत नाही. वर्षानुवर्षे उघड्यावर उभा राहिलेला जुना ट्रॅक्टर पुष्कळदा वजनावर भंगारात विकला जातो, तो याच गैरसमजापायी. वस्तुतः गंजाने केलेली हानी बरीचशी भरून काढता येते. पहिल्या तासाभरात घाईने केलेली हानी मात्र तशी भरून येईलच असे नाही. जुन्या एंजिनाच्या दुरुस्तीचे सारे तंत्र या एका गोष्टीभोवती फिरते.

उदाहरण म्हणून आपण मॅसी-फर्ग्युसन ३५ हा ट्रॅक्टर घेऊ. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार होणाऱ्या या ट्रॅक्टरला १९५९ पासून पर्किन्स कंपनीचे तीन सिलिंडरांचे डिझेल एंजिन बसविले जाऊ लागले. त्याच्या सिलिंडरचा व्यास सुमारे ९१ मिलिमीटर आणि दट्ट्याची, म्हणजेच पिस्टनची, धाव १२७ मिलिमीटर असते. १९६० मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट या कंपनीने मॅसी-फर्ग्युसनच्या सहकार्याने भारतात ट्रॅक्टर बनविण्यास आरंभ केला. त्यामुळे या घराण्यातील ट्रॅक्टर आपल्याकडील शेतकऱ्यांच्याही चांगल्या परिचयाचे आहेत.

गंज कोठून येतो?

चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरची उत्सर्ग झडप एकूण आवर्तनाच्या सुमारे एक तृतीयांश काळ उघडी असते. तीन सिलिंडरांची आवर्तने एकमेकांमागून समान अंतराने येत असल्यामुळे एंजिन कोठेही थांबले, तरी एखाद्या सिलिंडरची ही झडप उघडी असण्याचा संभव मोठा असतो. धुराड्याचे तोंड आकाशाकडे असेल आणि त्यावर झाकण नसेल, तर पावसाचे पाणी थेट त्या सिलिंडरमध्ये उतरते. म्हणूनच जाम झालेल्या एंजिनात अनेकदा एकच सिलिंडर अतिशय गंजलेला आढळतो आणि बाकीचे जवळजवळ स्वच्छ असतात.

सिलिंडरचा पृष्ठभाग बिडाचा आणि दट्ट्यावरील कड्याही बहुधा बिडाच्याच असतात. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. कड्या आणि सिलिंडर यांच्यामधील अत्यंत अरुंद फटीत तो वाढला, की पाचरीसारखा घट्ट बसतो. दट्ट्या हलत नाही तो यामुळे. त्याची स्वतःची मोडतोड झालेली असतेच असे नाही.

सोडवणूक

प्रथम एंजिन खरोखरच जाम आहे काय, हे पाहावे. स्टार्टरचे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकले, तरी एंजिन फिरत नाही. स्टार्टर काढून घेतला, की हा संशय फिटतो. त्यानंतर तळाचे वंगण काढावे. त्याआधी पाणी बाहेर आले, तर रोगाचे निदान निम्मे झाले असे समजावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी साचलेले असते.

ट्रॅक्टर गिअरमध्ये घालून दुसऱ्या वाहनाने ओढणे, हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक उपाय होय. मागच्या चाकांचे बळ गिअरांतून उलट दिशेने एंजिनापर्यंत पोचते आणि सगळे एका अडकलेल्या दट्ट्यावर एकवटते. तेव्हा वाकतो तो कनेक्टिंग रॉड, किंवा तुटतात त्या कड्या.

याऐवजी इंधन फवारणारी नोझले काढून त्या छिद्रांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल आणि रॉकेल यांचे मिश्रण, किंवा गंज सोडविणारे तयार द्रव्य ओतावे व वाट पाहावी. कधी दोन दिवस पुरतात, तर कधी कित्येक आठवडे लागतात. ही द्रव्ये ज्वालाग्राही असल्याने जवळपास आग नसावी. मग क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला लांब दांड्याचा पाना लावून बेताचा जोर द्यावा, आणि तोही आलटून पालटून दोन्ही दिशांनी. अर्धा मिलिमीटर हालचाल झाली, तरी तेल आत शिरण्यास वाट मिळते. एवढ्यानेही यश न आल्यास हेड उतरवून अडकलेला दट्ट्या शोधावा आणि त्याच्या व्यासाजोगा लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावेत. अ‍ॅल्युमिनियमच्या दट्ट्यावर हातोडा थेट कधीही मारू नये.

मोजमाप

एंजिन फिरू लागले, की ते चालू करून पाहण्याचा मोह होतो. तो आवरणे अत्यावश्यक आहे. सुटलेला गंज कुरुंदाच्या भुकटीसारखा असतो. तो कड्या, सिलिंडर आणि बेअरिंगे यांना ओरखडून काढतो. शिवाय डिझेल एंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला सुमारे सोळा ते अठरा पट दाबतो, तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या पलीकडे जाते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटते. सिलिंडरला खळगे पडून हवा निसटू लागली, तर पेट्रोलचे एंजिन कदाचित कुरकुरत चालेल. डिझेलचे पेटणारच नाही.

म्हणून एंजिन पूर्ण खोलावे. प्रत्येक झडप, प्रत्येक बेअरिंगची टोपी आणि प्रत्येक दट्ट्या यांवर जागेची खूण करावी. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांची अदलाबदल मुळीच चालत नाही. सिलिंडरचा व्यास वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजावा. क्रँकशाफ्ट झिजला असल्यास तो घासून घेता येतो व त्यानुसार लहान मापाची बेअरिंगे घालता येतात. या एंजिनातील लायनर ‘कोरडे’ असतात, म्हणजे त्यांच्या बाहेरून पाणी खेळत नाही. खोल खळगे पडलेला लायनर दाबयंत्राने काढून नवा बसविता येतो. हेडला चीर आहे काय, हे पाहण्याची जुनी रीत सोपी आहे: पृष्ठभागावर रॉकेल लावावे, तो कोरडा पुसावा आणि खडूची पूड भुरभुरावी. चीर असेल तेथे झिरपलेले रॉकेल पुडीवर रेघ उमटविते.

इंधन पंप मात्र घरी उघडू नये. त्याचे आतील भाग जोडीजोडीने घासून बसविलेले असतात व त्यांच्यातील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजली जाते. ते काम चाचणीयंत्र असलेल्या कारागिराचे आहे. नोझलची चाचणी घेताना फवाऱ्यापुढे हात आणू नये. त्याचा दाब त्वचा भेदून इंधन शरीरात घुसवितो आणि जखम बारीक दिसली, तरी तातडीने वैद्यकीय उपचार करावे लागतात.

पहिला प्रारंभ

जोडणी करताना स्वच्छता आणि निर्मात्याच्या पुस्तिकेतील मापे हीच दोन पथ्ये होत. हेडचे नट मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळावेत. सर्व जोडल्यावर एंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. झडपा आणि दट्टे एकमेकांना भिडत असतील, तर ते याच वेळी कळते. मग इंधननळ्यांतील हवा काढावी आणि इंधन बंद ठेवून, वंगणाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थोड्या थोड्या वेळाने फिरवावा.

चालू करताना एक लाकडी फळी हाताशी असावी. सिलिंडरमध्ये तेल उरले असेल किंवा पंपाचा नियंत्रक अडकला असेल, तर एंजिन अनावर वेगाने धावू लागते आणि बंद करण्यासाठी त्यात ठिणगीच नसते. तेव्हा हवेच्या नळीच्या तोंडावर फळी दाबून हवा तोडणे हाच उपाय उरतो. हात किंवा कापड वापरू नये, कारण एंजिन ते आत ओढून घेते.

आरंभी पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. एंजिन तापल्यावर तो ओसरावा. निळा धूर वंगण जळत असल्याचे आणि काळा धूर इंधन अर्धवट जळत असल्याचे सांगतो. नवे एंजिन तासन्‌तास रिकामे चालवू नये. मध्यम भार दिल्यानेच कड्या सिलिंडरवर नीट बसतात.

प्रत्येक जुने एंजिन वाचविण्याजोगे असतेच असे नाही. ठोकळा फुटला असेल आणि सुटे भाग मिळत नसतील, तर ते इतर एंजिनांच्या उपयोगी आणणे शहाणपणाचे. परंतु हा निर्णय मोजपट्टी आणि मायक्रोमीटर हाती घेतल्यानंतर व्हावा, त्याआधी नव्हे. बाहेरून दिसणारा तांबडा थर आतल्या धातूविषयी फारसे काहीच सांगत नाही.