विमानाचा न दिसणारा धूर

विमान डोक्यावरून गेले की आपण वर बघतो. त्याच्या इंजिनात रॉकेलसारखे तेल जळते. पण जळते तेल, आणि बिघडते हवा, ते कसे?

हवेच्या १०० भागांत ७८ भाग नायट्रोजन आणि २१ भाग ऑक्सिजन असतो. एरवी दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण इंजिनातला जाळ सुमारे २,००० अंशांपर्यंत तापतो. तेवढ्या आचेत त्यांची जोडी जमते. नायट्रोजनचे ऑक्साइड वायू तयार होतात. विमानतळाजवळच्या लोकांच्या छातीला ते बाधतात.

उपाय काय? कढत पाण्यात आपण विसण घालतो ना? तसेच इथे. तेल पेटण्याआधीच त्यात भरपूर हवा मिसळतात. जाळाची आच उतरते, वायू कमी होतात.

पण हवा फार झाली तर जाळच विझेल! आकाशात ते कसे चालेल? म्हणून मध्ये एक लहान ज्योत सतत पेटती ठेवतात.

१९८१ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने या वायूंना पहिली मर्यादा घातली. पुढे ती अधिक कडक केली. बरोबरच आहे. विमानात बसणारे थोडे, पण हवा सगळ्यांची!