मण्यांची बरणी आणि उसाचा फड

तीव्र मनोविकार म्हणजे बुद्धीचा संपूर्ण ऱ्हास, अशी आपल्याकडील सुशिक्षितांचीही समजूत आहे. 1988 साली ब्रिटनमधील ह्यूक, गॅरेटी व हेम्सली या संशोधकांनी भ्रमग्रस्त रुग्णांपुढे दोन बरण्या मांडल्या. एकीत एका रंगाचे 85 व दुसऱ्या रंगाचे 15 मणी. दुसरीत नेमके उलट. एकेक मणी दाखवून बरणी ओळखण्यास सांगितले, तेव्हा या रुग्णांनी इतरांच्या मानाने फार लवकर निर्णय दिला. गंमत अशी की, एकाच रंगाचे दोन मणी लागोपाठ निघाल्यास संभाव्यता 97 टक्क्यांवर जाते. म्हणजे निव्वळ गणिताने रुग्ण फारसा चुकत नाही. परंतु व्यवहारात बरणीतील प्रमाण आगाऊ कोणी सांगत नसते. शेजारी दोनदा हसला, एवढ्या पुराव्यावर तो जिवावर उठल्याचा निष्कर्ष काढला की संसार विस्कटतो.

हॅम्बुर्गचे स्टेफेन मोरिट्झ व त्यांचे सहकारी टॉड वुडवर्ड यांनी विकसित केलेले प्रशिक्षण याच घाईला आवर घालते. अपूर्ण चित्र टप्प्याटप्प्याने पुरे करीत दाखवायचे आणि दर वेळी विचारायचे : खात्री किती? ते औषधांना पर्याय नव्हे, जोड आहे; आणि असा सराव आता मोबाइलवरही करता येतो.

बीड जिल्ह्याला त्याचे महत्त्व अधिक आहे. 2011 च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे 25 लाख 85 हजार. त्यांत प्रौढ सोळा लाख धरले आणि 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीतील सुमारे 0.4 टक्के हे प्रमाण लावले, तर असे रुग्ण सहा हजारांवर जातात. अंबाजोगाईस वैद्यकीय महाविद्यालय आहे हे खरे. पण दसरा-दिवाळीनंतर लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या कोयत्याला एका दिवसाचा खाडाही परवडत नाही. साहजिकच उपचार तुटतो. 2022 पासून टेलिमानसचा 14416 हा क्रमांक उपलब्ध आहे. त्यावरील समुपदेशनाला अशा सरावाची जोड देता येईल. चित्रे मात्र फडातील, पालावरील हवीत.

एक अडचण उरतेच. मोबाइलच आपल्यावर पाळत ठेवतो, असा ज्याचा भ्रम आहे, त्याच्या हाती तो द्यायचा कसा? तेथे आरंभी तरी ओळखीचे माणूस शेजारी बसावे लागेल, आणि त्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीची तरतूद कारखान्यांनी की शासनाने करायची, हे हंगामापूर्वी ठरले पाहिजे.